साठात वीस

गोठ्यात पहिली गाय लाळ गाळायला लागली तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. गाईच त्या, लाळ गाळायच्याच. पण दोन दिवसांत तिने गव्हाणीतल्या चाऱ्याला तोंड लावणं सोडलं, पुढचा पाय उचलून झटकायला लागली, आणि मग एकीचं बघून दुसरीने, दुसरीचं बघून तिसरीने तेच धरलं. खुरांच्या बेचक्यात जखमा, जिभेवर फोड, ओठांवरून जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या चिकट तारा. सगळा गोठा आंबूस वासाने भरून गेला.

आजारी गाईंचं दूध केंद्रावर चालत नव्हतं. पण काढावं तर लागेच, नाहीतर कास दगडासारखी होते. काढायचं आणि मोरीत ओतायचं. सून काढायची आणि ओतायची. नणंद काढायची आणि ओतायची. दोघींच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत खुरं धुवायचं जांभळं औषध मुरलं होतं. कितीही घासलं तरी निघत नसे.

घरात हात होते ते एवढेच. सुनेचा नवरा दुधाच्या टँकरवर, घरी येई तो पाहुण्यासारखा. सासूचे गुडघे गेलेले. ती उंबऱ्यात बसून तोंडानेच धारा काढायची. "त्या कोपऱ्यातलीला आधी घे गं. अगं, तिचे सड पुसलेस का?" आणि सासरे सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर.

सासऱ्यांना सगळं गाव फॅटमास्तर म्हणायचं. केंद्रावर मशीन यायच्या आधीपासून ते तिथे होते. किटलीत बोट बुडवायचं, अंगठ्याच्या नखावर एक थेंब सोडायचा, तो कसा बसतो, कसा ओघळतो ते बघायचं आणि दुधाला फॅट किती ते सांगायचं. "साडेतीन." मशीन आल्यावर लोकांनी पैजा लावल्या. मास्तर बोलले तीन आठ, तर मशीन बोललं तीन आठ, फार तर तीन सात. तेव्हापासून मशीनवरचा विश्वास वाढला, असं लोक म्हणत. मास्तरांवरचा आधीच होता. मग कुणाची म्हैस कधी विणार, कुणाचा पोरगा नोकरीवर किती दिवस टिकणार, सगळं नखावर ठरू लागलं.

आणि अशात नणंदेचा बारावीचा निकाल लागला.

नणंदेला घरात बारकी म्हणत. अंगाने बारीक, आवाजाने बारीक, पण गोठ्यातल्या उजेडात पुस्तक गव्हाणीवर टेकवून वाचायची आणि वाचता वाचता गाईची शेपटी अंगावरून उडवायची. मार्क चांगले पडले. शाळेच्या मानाने फारच चांगले. मुलींना फुकट वसतिगृह असलेली कॉलेजं दोनच होती, आणि त्याशिवाय मास्तर पोरीला बाहेर ठेवणार नव्हते हे न बोलता ठरलेलं होतं. एक मोठं, नावाजलेलं. दुसरं मधलं, पण तेही येऱ्यागबाळ्याला दारात उभं न करणारं. दोन्हींची दारं मार्कांवर उघडायची.

"चान्स किती ते बघून घेऊ," मास्तर म्हणाले. "उगाच आंधळेपणाने भरायचं नाही."

तालुक्याच्या गावात एकाने चान्स सांगायचं दुकान काढलं होतं. झेरॉक्सच्या दुकानामागे एक खोली, पंखा, कॉम्प्युटर, भिंतीवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो. मास्तर, बारकी आणि सून असे तिघे गेले. सुनेला नेलं कारण घरात कॉलेजात गेलेली तीच एक. तिच्या कडेवर तान्ही होती.

सल्लागार तरुण होता. तिघे आत आले तसा त्याने नाकावर बोट नेलं, मग ते बोट कुठे न्यावं कळेना म्हणून चष्मा सारखा केला.

"गाईंना ते... ते चालू आहे ना तुमच्याकडे? माणसांना होतं का हो ते?"

"नाही होत," बारकी म्हणाली.

"बरं बरं. तरी खुर्ची जरा मागेच ठेवा. नाही, आणखी थोडी."

मास्तर खुर्ची उचलून मागे सरकले. केंद्रावर ज्यांच्यासमोर रांग उभी राहायची ते मास्तर भिंतीला पाठ लावून, मांडीवर टोपी धरून बसले. सल्लागाराने मार्क विचारले, कॉम्प्युटरवर ठोकले, गेल्या काही वर्षांचे आकडे काढले.

"मधलं कॉलेज. साठ टक्के चान्स. चांगला आहे."

"आणि मोठं?"

तो हसला. "वीस. पण भरायला काय जातं काका, स्वप्नावर कर लागत नाही. दोन्हीकडे भरा. एकीकडे नाही तर दुसरीकडे."

सुनेने बारकीकडे पाहिलं. बारकीच्या ओठांवर 'वीस' हा शब्द आला आणि तिने तो आतल्या आत एकदा म्हणून बघितला, कुणी गोड काहीतरी जिभेवर फिरवावं तसा.

 परतीच्या जीपमधून घराच्या वळणावर उतरल्यावर मास्तर बोलले, "मधल्यालाच भरायचं. मोठ्याला नाही."

"का बाबा?" बारकीचा आवाज आणखी बारीक झाला.

"साठ आहेत ना हातात? त्यात वीस ओतलं तर काय उरतं? चाळीस. चांगल्या कॅनमध्ये पातळ ओतायचं आणि सगळ्या कॅनची फॅट मारायची? ते बेणं हसतंय कुणावर, त्याला काय कळतंय मिसळलेलं."

सून मागून चालत होती. तान्ही खांद्यावर झोपली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तसं नसतं ते. दोन्हीकडे भरलं तर कमी नाही होत, वाढतात."

मास्तर थांबले. वळले नाहीत. नुसते थांबले, आणि मग पुन्हा चालायला लागले. एवढंच. सुनेला वाटलं, ऐकलं नसावं. चार पावलांवर तिला कळलं की ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर किटल्या घेऊन ती पोचली तेव्हा रांग भरली होती. बऱ्या असलेल्या तीन गाईंचं काय ते दूध. तान्ही कडेवर, कारण सासूजवळ ठेवली की भोकाड पसरायची. बारकी दुसरी किटली घेऊन मागे. मास्तरांनी मान वर न करता म्हटलं, "सूनबाई, जरा पुढे या."

लोक बाजूला झाले.

"आमची सून शिकलेली आहे," मास्तर रांगेला म्हणाले. "गणित घेऊन शिकली. ती म्हणते, जाडात पातळ मिसळलं की वाढतं."

कुणीतरी खिक्कन हसलं.

"म्हणून म्हटलं, सगळ्यांसमोर बघून घेऊ. आपण अडाणी माणसं, आपलंच चुकत असेल." त्यांनी एका म्हशीवाल्याच्या कॅनमधून मापभर दूध घेतलं. मशीनला लावलं. "किती?"

"सहा," म्हशीवाला छाती काढून म्हणाला.

"आता पातळ कुणाचं?"

सगळ्यांच्या माना रांगेतल्या एका चष्मेवाल्या गाईवाल्याकडे वळल्या. तो दुधात पाणी घालतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत आहे हे त्याला माहीत होतं. "माझ्या गाईच तहानलेल्या असतात, त्याला मी काय करू?" तो म्हणाला, आणि रांग खो खो हसली. त्याच्या दुधाची फॅट दोन लागली. मास्तरांनी दोन्ही मापं एका भांड्यात ओतली, डावाने ढवळली, सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. मशीनला लावली.

"वाचा सूनबाई. तुम्हाला वाचता येतं."

सुनेने आकडा बघितला. "चार."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू येत नाही."

"चार."

"वाढली की घटली?"

उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. दूध एका भांड्यात मिसळतं बाबा, कॉलेजं एका भांड्यात नसतात. दोन वेगळ्या गाई आहेत त्या. एक आटली तरी दुसरी दूध देते. इतकं सोपं. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं असतं, आणि चष्मेवाल्यालाही. पण त्याच वेळी तान्ही भुकेने कळवळून रडायला लागली, सुनेच्या छातीत एकदम पान्हा दाटला, आणि कपड्यावर दोन ओले डाग पसरत गेले. ती हात आडवा धरायला गेली. पण एका हाताला तान्ही होती, दुसऱ्या हाताला किटली.

"मास्तर," मागून कुणीतरी ओरडलं, "हिचंही लावून बघा मशीनला! बघू, शिकलेल्या दुधाला किती लागते!"

रांग फुटली. म्हशीवाला मांडीवर थाप मारून हसला. बायका पदराआड हसल्या, आणि एकीने हसता हसता मान फिरवली, तेवढीच काय ती माया. सून मास्तरांकडे बघत राहिली. आता हे काहीतरी बोलतील. घरच्या बाईला बोललेत. बोलतील. मास्तर मशीनवर वाकलेले होते, फडक्याने काच पुसत होते, आणि त्यांच्या मिशीच्या कडेला हसू होतं.

"घटली," सून म्हणाली.

 घरी येताना बारकीने सुनेची किटलीही स्वतःकडे घेतली, म्हणजे वहिनीला दोन्ही हातांनी तान्हीला छातीशी धरता यावं.

मधल्या कॉलेजला अर्ज गेला. सुनेच्याच मोबाइलवरून, कारण घरात तसा मोबाइल तिच्याकडेच होता. मोठ्याची मुदत अजून होती.

गोठ्यातला आजार उतरणीला लागला, पण कामाचा उतार दिसेना. बऱ्या होऊ लागलेल्या गाईंची खुरं रोज दोनदा धुवायची, जखमांवरच्या माश्या हाकायच्या, तोंडात मलम फिरवायचं. मलम फिरवताना गाय जीभ काढे आणि हात कोपरापर्यंत लाळेने माखे. एका दुपारी दोघी खुरं धुवायला बसल्या होत्या. बारकीने पाय धरलेला, सून पाणी सोडतेय. गाईने हिसका मारला तसं जांभळं पाणी दोघींच्या तोंडावर उडालं. दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"वहिनी."

"काय गं?"

"तू त्या दिवशी वाटेत म्हणालीस ना, वाढतात म्हणून. खरं सांग. भरू का मोठ्याला? गुपचूप? बाबांना कशाला कळतंय. तुझ्या मोबाइलवरून एका मिनिटाचं काम आहे."

सुनेचा हात थांबला.

गणित तिला येत होतं. तोंडी येत होतं. एकच अर्ज असेल तर पोरगी घरी राहण्याचा चान्स शंभरातून चाळीस. दोन्हीकडे भरले तर मधलं हुकण्याचे चाळीस आणि मोठं हुकण्याचे ऐंशी, दोन्ही हुकायला हवीत. बत्तीस. म्हणजे आज हिने भरलं, तर ही इथे, या गाईच्या पलीकडच्या अंगाला, पाय धरून बसलेली असण्याचा चान्स आठ टक्क्यांनी घटतो. आठ. तिला पहाटेचा गोठा दिसला. एकटीचा. तान्ही खाटेवर रडतेय, सासू उंबऱ्यातून ओरडतेय, आणि आपण एका कासेखालून उठून दुसऱ्या कासेखाली. तान्ही एखाद्या गाईच्या पायाखाली आली तर? परवा ती रांगत रांगत गव्हाणीपर्यंत आली होती आणि बारकीनेच झडप घालून उचलली होती. बारकी नसती तर?

आठ टक्क्यांसाठी कुणी खोटं बोलतं का? बोलतं. बोलताना आवाजही बदलत नाही.

"नको गं," ती म्हणाली. "मीच चुकले होते. बाबांचं बरोबर आहे. मन एका जागी ठेव."

"नक्की?"

"नक्की. मी गणित घेऊन शिकलेय ना?"

बारकीने मान हलवली. तिने गाईचा पाय पुन्हा धरला, घट्ट, आणि सून पाणी सोडत राहिली. जखम धुतली गेली तरी सोडत राहिली.

"वहिनी, झालं की," बारकी म्हणाली.

मुदत गेली. सुनेला ती जाताना दिसली. मोबाइलवर तारीख बदलली आणि तिने मोबाइल पालथा ठेवला.

मधल्या कॉलेजात नाव लागलं नाही. थोडक्यात हुकलं. इतकं थोडक्यात की सांगताना लोकांना चुकचुकता येईल. बारकीने मोबाइल तीनदा वरखाली केला, मग सुनेच्या हातात परत दिला आणि संध्याकाळच्या धारा काढायला गेली. सून तिच्या मागे गेली नाही. खरं तर त्या संध्याकाळी तिने स्वयंपाक करताना स्वतःला गुणगुणताना पकडलं, आणि जीभ चावली.

पण गोष्ट तिथे संपली असती तर बरं होतं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री केंद्रावर दुधाला आला, हाताला काळं वंगण, तोंडभर हसू. "मास्तर, पोरीचं झालं! मोठ्या कॉलेजात! यंदा त्यांनी जागा वाढवल्या म्हणे. मी तर म्हणत होतो कशाला भरतेस, दहा टक्के सांगितलं होतं त्या चान्सवाल्याने. पण कारटी ऐकते का?"

मिस्त्रीच्या पोरीला किती मार्क होते हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. बारकीपेक्षा कमी. शाळेत ती बारकीच्याच वह्या बघून अभ्यास करायची. बारकी कॅन टेकवून उभी होती, झाकण अर्धं उघडलेलं.  तेव्हा रांगेचंच हसून झालं होतं, आता कुठे बघावं ते कुणाला कळेना. म्हशीवाला हळूच म्हणाला, "म्हणजे मास्तर, भरायला पाहिजे होतं की."

मास्तरांनी बारकीच्या कॅनमध्ये बोट बुडवलं. नखावर थेंब घेतला. बघितला.

"माझा अंदाज बरोबर होता," ते म्हणाले. "साठाचं दूध होतं. पोरगीच पातळ निघाली. तीन दोन. लाव रे मशीनला."

मशीनने तीन दोन दाखवली.

घरी आल्यावर बारकीने पहिल्यांदा आणि शेवटचंच बापाला बोलून दाखवलं. "भरलं असतं तर लागलं असतं बाबा."

"आता कुणाच्या नावाने बोटं मोडायची ती मोड. तुझी वहिनी शिकलेली आहे, तिला विचार. तिनेही तेच सांगितलं होतं ना तुला? आई सांगत होती, गोठ्यात बोलताना ऐकलं म्हणून."

सासू उंबऱ्यातून म्हणाली, "ऐकलं की. मन एका जागी ठेव म्हणाली. माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले."

बारकीने वहिनीकडे पाहिलं. सून तान्हीच्या तोंडाशी चमचा धरून होती. चमचा हलला नाही. बारकी बघत राहिली, जसं एखादं उदाहरण सोडवून झाल्यावर उत्तर पुन्हा एकदा ताडून बघतात तसं. मग ती उठली आणि गाईंना पाणी दाखवायला गेली.

त्यानंतर दोघींच्यात भांडण झालं नाही. तेच वाईट. बारकी आपल्या वाटणीच्या गाई काढायची, सुनेच्या वाटणीच्या गाईंना हात लावायची नाही. तान्ही तिच्याकडे हात पसरायची तर ती तिला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवायची, नीट, काही न बोलता, पिशवी ठेवावी तशी.

आणि मग स्थळ आलं. वर्ष संपायची वाटही कुणी पाहिली नाही. "शिकायचं नाही तर घरात बसवून काय करायचं?" सासू म्हणाली, जसं काही पोरगी बसून होती. मुलाकडचे मोठ्या गोठ्यावाले. त्यांनी फारसं काही विचारलं नाही. मुलाचा बाप म्हणाला, "हात बघू." सगळ्यांना वाटलं बांगड्यांचं माप. तर तो म्हणाला, "धारेचा."

बारकी नव्या कपड्यांवर फाटका जुना शर्ट चढवून कासेखाली बसली. पाहुणे गोठ्याच्या दारात उभे. बादलीत दोन धारा एकीआड एक वाजत राहिल्या, आवाज न तुटता, फेस वर येत गेला. "हात चांगला आहे," मुलाचा बाप मुलाला म्हणाला. मुलाने मान हलवली. मास्तर मागे हात बांधून उभे होते, चेहऱ्यावर तेच, मशीनने त्यांच्या तोंडचा आकडा दाखवल्यावर यायचं ते समाधान. "मीच शिकवलाय," ते म्हणाले. कधी शिकवलं होतं त्यांनी?

सून चहाचे कप घेऊन उभी होती. लग्न ठरलं तेव्हा कप तसेच तिच्या हातात होते, आणि ती मनात गाई मोजत होती. सगळ्या. आता सगळ्या.

"आता तुलाच गं सगळं," सासू त्याच संध्याकाळी म्हणाली. "पोरीची जात, कितीही राबवलीस तरी परक्याच्या दावणीला."

बारकी निघाली त्या दिवशी घरात माणसं दाटली होती. गाडी दारात लागलेली. ती आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली. मग सुनेसमोर आली आणि तान्हीसाठी हात पुढे केले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सुनेचे डोळे भरून आले. तिला वाटलं, सोडलं हिने. पोर आहे, विसरली. तिने तान्हीला पटकन दिलं, हातांवर ठेवताना नणंदेच्या बोटांवरच्या जांभळ्या भेगांना तिची बोटं लागली.

बारकीने तान्हीच्या कपाळावर ओठ टेकले, तिचं नाक आपल्या नाकाला घासलं. तान्ही खिदळली.

"वहिनी," बारकी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. तिचा आवाज अजिबात बारीक नव्हता. "हिला शिकव बरं का खूप. फक्त गणित तू नको शिकवूस."

माणसं हसली. नवऱ्याकडचेही हसले, म्हणाले पोरगी बोलकी आहे हो. सगळ्यांत मोठ्याने मास्तर हसले. "अगदी बरोबर! केंद्रावर विचारा कुणालाही, सूनबाईंचं गणित काय आहे ते!" ज्यांना ती गोष्ट माहीत होती त्यांनी ज्यांना माहीत नव्हती त्यांना तिथेच सांगितली, सहा आणि दोन, आणि मशीनला काय लावा म्हणाले तेही सांगितलं, आणि हसू दारापासून गाडीपर्यंत गेलं.

बारकी हसत नव्हती. ती वहिनीकडे बघत होती, आणि गाडीत बसेपर्यंत बघत राहिली.

तान्हीला परत घेऊन सून दारात उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, म्हणून ती पण हसली.